नाल्याच्या अकरा बाटल्या

दुर्गजवळच्या हथखोजच्या कारखान्यांच्या मागून एक नाला वाहतो. आमच्या खुर्सीपारहून पायी पाऊण तास लागतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी तिथं जायची आणि एक बाटली पाणी भरून आणायची. असं अकरा महिने केलं. ते काम माझ्याकडं कसं आलं आणि त्याचं काय झालं, ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. बोलायला गेलं की माझं निम्मं पोटातच राहते. म्हणून लिहून ठेवते.

आमच्या बचत गटाची बैठक विहाराच्या हॉलमध्ये होती. रायपूरहून एका संस्थेची मॅडम आली होती. तिच्या घरचे लोक कितीतरी पिढ्यांपासून रायपूरला, पण मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलायची. तिनं भिंतीवर एक नकाशा लावला. त्यावर निळी रेघ होती. ती म्हणाली, हा तुमचा नाला. हा नदीला मिळतो, ती शिवनाथला, शिवनाथ महानदीला आणि महानदी तिकडं ओडिशात समुद्राला. तिनं बोट फिरवत फिरवत पार नकाशाच्या काठापर्यंत नेलं.

मागून एक बाई बोलली, "पाहा वो बाई, नाला समुद्रावर जाऊन राहिला, अन् आमच्या बुढ्यानं आमाले दुर्गच्या पुढं नेलं नाई."

सगळ्या हसल्या. मॅडमही हसली. मग तिनं समजावलं. जिथं नदी समुद्राला मिळते तिथली झाडं मरत आहेत, खेकडे आणि मासे कमी झाले आहेत. तिथली माणसं आपापल्या परीनं सांभाळतात, पण वरून काय येतं ते कळल्याशिवाय खालच्या माणसाच्या सांभाळण्याला अर्थ नाही. म्हणून नाल्यापासून समुद्रापर्यंत दहा ठिकाणी दहा बायका एकाच दिवशी बाटली भरतील. वर्षभरानं ज्या नाल्यांचं पाणी वाईट निघेल, त्यांतले काही निवडायचे. तिथं नदीच्या आधी तळी खोदून घाण अडवायची आणि कारखान्यांनाही नोटीस जाणार. जो नाला यादीत नाही, त्याचं काही होणार नाही.

"आपल्याकडून कोण भरेल?" तिनं विचारलं.

"इलेच द्या," सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हे बोलत नाही, पण काम सोडत नाही."

"बोलत नाही म्हणूनच द्या. नाल्याले थोडंच बोलाचं हाय."

मी मान खाली घातली. मॅडमनं ते हो समजून घेतलं.

तिनं तिथंच हॉलच्या नळावर शिकवलं. बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, आत हवा राहू द्यायची नाही, झाकण घट्ट लावायचं. चिठ्ठीवर तारीख, वेळ, ठिकाण. मी चौथी शिकलेली. मी चिठ्ठी लिहिली तर ती म्हणाली, "मावशी, अक्षर किती छान आहे तुमचं!" माझं अक्षर चांगलं आहे असं मला शाळा सुटल्यावर कोणी म्हटलं नव्हतं.

पाणी कुठून घ्यायचं तेही तिनं सांगितलं. पुलियाजवळून, रस्त्याच्या छोट्या पुलाजवळून. कारखान्यांच्या नाल्या त्या पुलियाखालीच येऊन मिळतात. पण पुलियाजवळ म्हणजे वरच्या बाजूला की खालच्या, हे मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागते, आणि हॉलमध्ये वीस बायका बसल्या होत्या.

विचारलं नाही, कारण मला वाटलं ते विचारायची गोष्टच नाही. माझ्या माहेरच्या गावात, विदर्भात, नदीवर आमच्या लोकांची जागा सगळ्यांच्या खाली होती. गावाचं धुणं, गुरं, सगळं होऊन पाणी आमच्याकडं यायचं. माझी आई पहाटे उठून गावाला वळसा घालून वर जायची आणि तिथून घागर भरून आणायची. कुणी पाहिलं तर शिव्या. तरी जायची. घरी आल्यावर लुगड्याचं धुतलेलं फडकं दुहेरी करून पाणी गाळायची. पाणी घ्यायचं तर वरच्या अंगचं, आणि कुणाला द्यायचं तर गाळून, हे तिनं मला चालता येऊ लागलं तसं शिकवलं. त्या आईच्या हातचं पाणी गावात कोणी कधी घेतलं नाही.

आणि इथं रायपूरची बाई माझ्या हातचं पाणी मागत होती. बर्फाच्या डब्यात ठेवून, गाडीत घालून, मोठ्या लोकांकडं पाठवणार होती.

पहिल्या सोमवारी मी आंघोळ करून गेली. पुलियाखाली पाणी तांबूस-काळं होतं, वर तेलाचे रंग तरंगत होते. माझ्या पायांनी मला आपोआप वर नेलं. पुलिया ओलांडून दोन-तीन शेतं वर गेलं की नाला निवळ आहे, तळाची वाळू दिसते. तिथं मी बाटली विसळली, फडकं दुहेरी केलं आणि गाळून भरली. बाहेरून पदरानं पुसली. चिठ्ठीवर लिहिलं, पुलियाजवळ.

मॅडमनं बाटली उजेडात धरून पाहिली. "स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिला पाणी विचारलं, प्यायला. तिच्या पिशवीत तिची बाटली होती. ती म्हणाली, नको मावशी, आहे माझ्याजवळ. नाल्यावर ती कधी आली नाही. तिला अजून तीन ठिकाणी जायचं असायचं.

खरं लिहायचं तर मधे एकदा माझ्या मनात शंका आली होती. नाला घाण आहे हे तर साऱ्या दुनियेला दिसते, मग हे तपासतात काय? मीच माझी समजूत घातली. घाण तर वरवरची आहे, त्यांना मूळ पाणी पाहायचं असेल. दवाखान्यात रक्त द्यायचं तर उपाशीपोटी बोलावतात, तसं काही असेल. शंका घेऊन मी दोन महिने फिरली आणि ती विरून गेली.

बाजारात कोपऱ्यावर एक केवटीन, इकडची कोळीण, बसायची. तिचं गाव नाला नदीला मिळतो त्याच्या खालीच. नवरा-बायको नदीत जाळं टाकायचे आणि ती टोपली घेऊन खुर्सीपारला यायची. मी तिच्याकडूनच मासोळी घ्यायची, कारण ती भाव करायला लावत नसे. मला भाव करता येत नाही हे तिला माहीत होतं. पण त्या वर्षी तिच्या मासोळीला घासलेटसारखा वास येऊ लागला. गिऱ्हाइकं टोपलीवर वाकायची, नाक मुरडायची आणि पुढं जायची.

"हमर मछरी ला अब कोनो नइ लेवय, दीदी," ती म्हणायची.

मी घ्यायची. घरी आमचे हे ताटावर बसले की म्हणायचे, "बरं झालं, यात तेल टाकाचं काम नाई. मासोळी आपलं तेल घेऊनच आली." ते पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडं होते, आता घरी असतात, खोकतात. "कावून आनतं हे? नाक नाही का तुले?"

"तिचं कोणी घेऊन नाही राहिलं," मी म्हणायची.

एक दिवस केवटीननं माझ्या हातात बाटलीचा डबा पाहिला आणि विचारलं. मी जमेल तसं सांगितलं, की पाणी तपासतात, यादी होणार, यादीत नाव आलं तर तळी होतील, घाण नदीत जाणार नाही. ती टोपलीवरचं ओलं पोतं तसंच हातात धरून ऐकत राहिली.

"त बने लिख देबे न दीदी," ती म्हणाली. "तोर लिखे ले हमर नदिया बाँचही."

नीट लिहून दे, तुझ्या लिहिण्यानं आमची नदी वाचेल. मी म्हणाली, हो, लिहून राहिली ना मी, दर महिन्याला. त्या दिवशी तिनं मला दोन मासोळ्या वरून टाकल्या. नको म्हणता आलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याला ती विचारायची. यादी आली का? मी म्हणायची, येईल. तिच्या नवऱ्यानं जाळं टाकायची होडी विकून टाकायचा विचार काढला होता, तिनं थांबवलं होतं. यादी येऊ दे, म्हणाली होती.

अकरावी बाटली भरली आणि मॅडमनं सांगितलं, या वर्षाचे नमुने पुरे झाले, आता सगळ्या बायकांना समुद्रावर न्यायचं आहे. तिथं बैठक होईल, यादी वाचतील. मी कधी एकटी कुठं गेली नव्हती. आमचे हे म्हणाले, "जाय. समुद्राले इचार, आमच्या नाल्याचं पानी पोचलं का म्हून."

रेल्वे, मग बस, मग नाव. समुद्र मला आधी दिसला नाही, चिखल दिसला. कुठं संपतो कळू नये इतका चिखल, आणि त्यात उभी झाडं, मुळं जमिनीच्या वर काढून. मॅडम म्हणाली, खारफुटी. एका बाजूला ती हिरवी होती, दुसऱ्या बाजूला नुसते खुंट, पांढरे पडलेले. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर खारट.

तिथली बाटली भरणारी बाई आमच्याच वयाची होती. खेकडे धरायची. तोडकं-मोडकं हिंदी बोलायची, म्हणून मला तिच्याशी बोलायची लाज कमी वाटली. तिनं सांगितलं, पूर्वी नदी गोडं पाणी घेऊन यायची आणि माती घेऊन यायची. आता वर धरणं झाली, उन्हाळ्यात गोडं पाणी पोचत नाही, तर समुद्र नदीत चढतो. माती पोचत नाही, तर काठ खचतो. तिच्या सासऱ्याचं घर जिथं होतं तिथं तिनं बोट दाखवलं. तिथं पाणी होतं.

"और जो आता है," ती म्हणाली, "वो ज़हर आता है. कौन भेजता है, मालूम नहीं. इसलिए बोतल भरती हूँ."

बैठकीच्या आधी तिनं आम्हाला बाटली कशी भरते ते दाखवलं. ओहोटी होती. साडी गुडघ्यावर खोचून ती चिखलात उतरली आणि सरळ गेली तिथं, जिथं झिंगे पोसायच्या तळ्यांचं घाण पाणी खाडीत पडत होतं. फेस होता, वास होता. तिनं त्याच फेसाखाली बाटली धरली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे दीदी, ऊपर से भरो ना. इधर तो गंदा है."

ती मान वळवून हसली. "गंदा ही तो भेजना है! साफ पानी लेके क्या करेंगे वो लोग? पीएँगे?"

सगळ्या जणी हसल्या. मीही हसली, कारण सगळ्या हसत होत्या. मग मला माझं फडकं आठवलं. मी तळ्याच्या बांधावर खाली बसली. कुणीतरी विचारलं, चक्कर आली का. मी हो म्हटलं.

बैठक शाळेच्या पडवीत होती. मॅडमचे वरचे साहेब आले होते. त्यांनी एकेक ठिकाण वाचलं. आमचा नाला आला तेव्हा ते म्हणाले, औद्योगिक भागातून जाऊनही हा नाला आश्चर्यकारकरीत्या चांगला आहे, इथं कामाची गरज नाही. पुढं म्हणाले, आणि ज्या ताईंनी एकही महिना न चुकवता नमुने दिले, त्यांच्यासाठी टाळ्या. टाळ्या झाल्या. मॅडम माझ्याकडं पाहून हसली.

मला केवटीनच्या त्या दोन मासोळ्या आठवल्या. पुढचं नाव वाचायला त्यांनी कागद उलटला, आणि मी उभी राहिली. कशी राहिली ते मला आजही माहीत नाही. मी समोरच्या बाईच्या खांद्याला धरलं.

"साहेब, नाला अच्छा नहीं है," मी म्हणाली. "मैंने पुलिया के ऊपर से भरा. छानके भरा."

साहेबांना समजलं नाही. मॅडमनं मराठीत विचारलं, "काय म्हणताय मावशी?"

"फडक्यानं गाळून भरलं. अकराही. घाण पाणी तुमाले कसं देऊ?"

मॅडमनं ते हिंदीत सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.  मला वाटते, नाल्यावर आपण एकदाही गेलो नाही, हे तिला तेव्हाच आठवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले की हे सांगितलं ते चांगलं झालं, पण आता या ठिकाणचे सगळे नमुने रद्द करावे लागतील. म्हणजे नाला वाईट आहे असं आपण म्हणू शकत नाही आणि चांगला आहे असंही नाही. पुरावा नाही. यादी आज ठरायची आहे. पुढच्या वेळी पाहू.

"पुढच्या वेळी म्हणजे?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर प्रश्न विचारला.

"पुन्हा एक वर्षाचे नमुने. मग पाहू."

खेकडेवाली माझ्या बाजूलाच बसली होती. मी बसल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. समोर पाहतच म्हणाली, "हम इधर मर रहे हैं, और तुम उधर छान रही हो." मग तिनं आपला पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. दूरच्या टँकरचं पाणी होतं, मोजून मिळायचं. मी घोटभर प्यायली.

परतताना मॅडम रेल्वेत माझ्यासमोर बसली होती. तिनं माझ्यावर तोंड टाकलं नाही. खिडकीबाहेर पाहत एकदा म्हणाली, "मावशी, एक शब्द विचारायचा होतात हो." मी म्हणाली, "हो." ती म्हणाली, "मीही यायला हवं होतं."  काम माझ्याकडून काढून घेतील असं मला वाटलं होतं. तिनं काढलं नाही.

घरी आली तर यांनी विचारलं, "काय म्हणे समुद्र?" मी सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारतील. ते खोकले, आणि म्हणाले, "त्या केवटीनले सांगशील का?"

"सांगीन."

"मी येऊ का संगं?"

"नको."

मी बाजारात गेली. तिची टोपली जवळजवळ भरलेलीच होती, दुपार झाली होती तरी. मी तिच्यासमोर खाली बसली आणि सगळं सांगितलं. वरून भरलं, गाळलं, यादीत नाव नाही, आणखी एक वर्ष. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. माशा उडवायचा तिचा हात तेवढा थांबला होता.

"एक बछर?" तिनं विचारलं.

"हो."

"एक बछर म का खाबो, दीदी?"

 मी नेहमीसारखी मासोळी मागितली. तिनं वजन केलं, पिशवीत टाकली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी भाव केला. चढा सांगितला. मी दिला. पुढच्या आठवड्यात ती बसली नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारच्या भाजीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, होडी विकली म्हणे त्यांनी.

नव्या वर्षाची पहिली बाटली भरायला मी गेली तेव्हा मॅडमही सोबत आली होती. तिनं पुलियाच्या खालची जागा दाखवली, दगडावर चुन्यानं खूण केली आणि निघून गेली. दुसऱ्या महिन्यात मी एकटीच होती. पुलियापासून थोडं खाली, एका कारखान्याच्या मागच्या फाटकातून चार-पाच बायका निळे ड्रम गडगडवत नाल्यावर आणत होत्या आणि धूत होत्या. ड्रमांत आधी काय होतं कोणास ठाऊक. धुतलेलं पाणी पिवळं, वाफ निघाल्यासारखं, नाल्यात पडत होतं. हातांना पॉलिथिनच्या पिशव्या बांधल्या होत्या. त्यांत एक केवटीन होती.

तिनं मला आधीच ओळखलं होतं. मी खुणेच्या दगडावर उतरली तर तिचा ड्रम माझ्यापासून दोन हातांवर होता.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"रोजी मिलथे," ती म्हणाली. तिच्या मनगटाची कातडी पांढरी पडून सुटली होती. ते मी पाहत होती हे पाहून तिनं हात पाण्यात घातला.

मी बाटली विसळायला वाकली. नदी वाचेल असं जिनं मला म्हटलं होतं, ती आता माझ्या हातातल्या बाटलीकडं असं पाहत होती जसं कुणी पोलिसाच्या वहीकडं पाहते. या वेळी नीट भरली तर नाला यादीत येईल. यादीत आला तर या फाटकाला नोटीस येईल, आणि फाटक बंद झालं तर पहिल्यांदा ड्रम धुणाऱ्या बायका घरी जातील. तिला हे माझ्याआधी कळलेलं होतं.

"मोर नाव झन लिखबे, दीदी," ती हळूच म्हणाली. माझं नाव नको लिहू.

"नाव नसते लिहायचं," मी म्हणाली. "तारीख, वेळ अन् जागा. तेवढंच."

"अउ ए कारखाना के?"

"त्याचंही नाही. फक्त पाणी."

 फाटकातून मुकादमानं हाक मारली, "ए बाई, बात कम." तिनं ड्रम आडवा केला. आतलं पाणी माझ्या पायांवरून वाहत नाल्यात गेलं, पायांना चुरचुरलं. मी बाटली तिथंच धरली, त्या पाण्याखाली. काठोकाठ भरली, झाकण लावलं. मग दगडावर बसून चिठ्ठी लिहिली. तारीख, वेळ, पुलियाच्या खाली. केवटीननं तोवर दुसरा ड्रम ओढून आणला होता आणि माझ्याकडं पाठ करून धूत होती.